चिमणीचं चार ओळींचं भाषण

दुसरीच्या बाईंना सगळी शाळा खडूबाई म्हणायची. बोटांना, बाहीला, कधी नाकाच्या शेंड्यालाही खडू लागलेला असायचा. सव्वीस वर्षं त्या सहा-सात वर्षांच्या पोरांना शिकवत होत्या. इतक्या वर्षांत शेंबूड, ओकाऱ्या, डोक्यातल्या उवा, कशाचीच त्यांना किळस आली नव्हती. ती आली मुख्याध्यापिकांच्या खोलीत, एका गुलाबी कार्डाची.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी लहान वर्गांसाठी 'गुन्हा म्हणजे काय?' असा कार्यक्रम ठरवला होता. पोलिसांतले एक बडे साहेब पाहुणे म्हणून येणार होते.

"वाचा तर खरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी स्वतः लिहिलंय. चारच ओळी, पोरीला झेपतील अशा."

कार्डावर वळणदार अक्षर होतं. 'माझे बाबा चोर आहेत. ते तुरुंगात आहेत. मी तशी होणार नाही. तुम्हीही होऊ नका.' दुसऱ्या ओळीपुढे लाल शाईत सूचना होती, 'इथे जरा थांबणे.'

"हे कोण म्हणणार?" उत्तर कळूनही खडूबाईंनी विचारलं.

"तुमची चिमणी! काल बोलावून पाठच करून घेतलं. काय गोड म्हणते हो! टाळ्या थांबायच्या नाहीत बघा."

"बापाला चोर म्हटल्याबद्दल टाळ्या?"

"अहो, खाण तशी माती म्हणतात ना लोक? तेच आपल्याला खोटं पाडायचंय. उदाहरण डोळ्यांसमोर असलं की मुलांना चटकन कळतं." मोठ्या बाईंनी चहात बिस्किट बुडवलं. ते अर्धं आत गळून पडलं, ते त्यांनी बोटाने काढून खाल्लं आणि तेच बोट कार्डाच्या कडेला पुसलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं तिच्या वडलांचं?"

"कुणी म्हणजे? तुमच्याच वहीत आहे की!"

खडूबाईंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाची माहिती नोंदवहीत भरावी लागे. 'घरची परिस्थिती' या रकान्यात बाकीच्या बाई सरसकट 'बरी' लिहून मोकळ्या होत. खडूबाईंना असलं वरवरचं काम जमत नसे. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'वडील चोरीच्या शिक्षेमुळे तुरुंगात. वडलांना शाळेत बोलवा असं या मुलीला सांगू नये.' पुढच्या वर्षीच्या बाईंना कळावं म्हणून लिहिलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. खोलीबाहेर येऊन त्यांनी नळावर चूळ भरली, तरी तोंडाची चव गेली नाही.

वर्गात चिमणी बाकावर उभी राहून सराव करत होती. तिला पाठांतर फार आवडे आणि स्टेजवर जायची ही तिची पहिलीच वेळ.

"बाई, 'चोर' म्हणताना हात कुठे करू? वर की पुढे?"

"हिचे बाबा खरंच चोर आहेत?" मागून एकाने विचारलं. "चोर काळे असतात. आणि त्यांना दाढी असते."

"माझे बाबा चौकड्यांचा शर्ट घालतात," चिमणी म्हणाली.

खडूबाईंनी फळा पुसला. "दुसऱ्याचं कधीच काही घेतलं नाही, असं कोण कोण आहे?"

सगळे हात वर गेले.

"वा! खोटं बोलणाऱ्यांची मोजणी आपण उद्या करू. मी तुमच्याएवढी होते तेव्हा मावशीचा कंगवा घेतला होता. न विचारता. आता बोला."

मग बांध फुटला. कुणी खोडरबर घेतलं होतं, कुणी ताईचं चॉकलेट, एकाने तर दवाखान्यातून थर्मामीटर. प्रत्येकाला त्या एकच विचारत, "का रे घेतलंस?" आणि उत्तर फळ्यावर लिहीत. हवं होतं म्हणून. माझ्याकडे नव्हतं म्हणून. तिने मला ढकललं म्हणून. कुणी बघत नव्हतं म्हणून. दुसऱ्याने घे म्हटलं म्हणून.

"मोठी माणसंही याच कारणांनी घेतात," खडूबाई म्हणाल्या. "फक्त त्यांनी घेतलं की ज्याचं जातं त्याचं फार नुकसान होतं. म्हणून त्याला गुन्हा म्हणतात, आणि शिक्षा होते. शिक्षा संपली की माणूस घरी येतो."

"मग चोर दिसतो कसा?" थर्मामीटरवाल्याने विचारलं.

"तूच सांग."

त्याने शेजारच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

शाळा सुटल्यावर खडूबाई चिमणीच्या आईकडे गेल्या. ती लाँड्रीत इस्त्री करायची. शाळेच्या परवानगीच्या चिठ्ठीवर तिने सही केली होती, पण चिठ्ठीत नुसतं 'भाषणात सहभाग' एवढंच होतं.

"कविता आहे म्हणाली हो," ती म्हणाली. "काल इथे येऊन हातवारे करून दाखवत होती. या वाफेच्या आवाजात मला शब्द कुठले कळतायत!"

खडूबाईंनी शब्द सांगितले. आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली. मग तिने कागद मागितला आणि लिहिलं, 'माझ्या मुलीला स्टेजवर उभं करू नये.'

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी कागद दोन बोटांत धरला. "आईला काय कळतंय? पाहुणे येऊन बसलेत!"

"मग तुम्हीच म्हणा चार ओळी. तुमच्या बाबांबद्दल."

"लेखी खुलासा द्यावा लागेल तुम्हाला!"

"देते. पानभर देते."

स्टेजमागे चिमणी दोन लाल रिबिनी बांधून उभी होती.

"तुझं भाषण होणार नाही, बाळा."

"पण मला सगळं पाठ आहे! म्हणून दाखवू?"

"नको. ते भाषण घाण आहे."

"मी म्हटलं म्हणून घाण?"

"नाही गं. तुला म्हणायला लावलं म्हणून."

पण ते तिच्या कानात शिरलं नाही. तिने हात हिसकला, रिबिनी ओढून काढल्या आणि शेवटच्या रांगेत जाऊन हमसून रडली. पुढे साहेबांचं भाषण चाललं होतं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत मान डोलावत होत्या.

चिमणीने खडूबाईंशी कट्टी घेतली. ती पंधरा दिवस टिकली. हजेरीला 'हजर' तेवढं म्हणायची, तेही खिडकीकडे बघून. खडूबाई तिची समजूत काढायला एकदाही गेल्या नाहीत. सात वर्षांच्या मुलीला ते समजावं, असं त्यांना वाटतच नव्हतं.