उंबराचं फूल

नववीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, “सर, सेल्डम म्हंजे क्वचित, ते कळलं. पण हा शब्द आला कुठनं?” तीस वर्षं भोरमध्ये इंग्रजी शिकवतोय, आणि मला ठाऊक नव्हतं. म्हणून अर्थातच मी तिच्यावर खेकसलो, “पेपरात येणार आहे का ते? बस खाली!”

मोकळ्या तासाला मात्र गुपचूप जाडा कोश काढला. आणि बाप रे! आता पुस्तकी वाटणारा हा शब्द हजार वर्षांहून जुना निघाला. त्याच्या मुळाचा अर्थ दुर्मिळ, आणि विलक्षण, अनोळखीसुद्धा. जुन्या इंग्रजीत त्याचाच एक जोडशब्द होता, ‘क्वचित दिसलेला’. म्हणजे परका. माझ्या अंगावर काटा आला. बऱ्याच दिवसांनी दिसलेल्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. तिकडे सातासमुद्रापार, हजार वर्षांपूर्वी, कुणीतरी दारात उभं राहून असंच काही म्हटलं असणार! घंटा झाली तरी मी त्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो.

मग अक्का आठवली. आई लवकर गेली, मला या थोरल्या बहिणीनेच वाढवलं. ती वेल्ह्याजवळ राहते. नसरापूरला एस.टी. बदलली की आलंच तिचं गाव. आणि मी दीड वर्षात फिरकलो नव्हतो.

रविवारी गेलो. अक्का दारातच म्हणाली, “अगं बया, उंबराचं फूल!” मी हसलो. पण तिने घडीची सतरंजी अंथरली, फळीवरची कपबशी काढली. “बसा. साखर किती घालू च्यात?”

बसा! जिने मला मेल्या-मुडद्याशिवाय कधी हाक मारली नाही, ती मला साखर विचारत होती. रुसली असती तर पाय धरले असते. ती रुसली नव्हती, पाहुण्याचं करत होती.

“अक्का, माझा जर्मनचा पेला कुठाय?” लहानपणी मी त्याच चेपक्या ॲल्युमिनियमच्या पेल्यात चहा प्यायचो.

“त्यो व्हय? कोंबड्यास्नी पाणी ठेवते त्यात. तुमी कुठं येता?”

मी उठलो. अंगणातून पेला उचलला, राखेने खसाखसा घासला, तिच्यापुढे ठेवला. “ह्यात ओत.”

तिने पेला हातात घेऊन फिरवून पाहिला. मग पदराने डोळे पुसत खेकसली, “मुडद्या, कोंबड्या तहानंनं मरतील की माझ्या!”

आणि साखर न विचारता पेला काठोकाठ भरला.