ट्रॅक्टरची सीट

वसंतराव गेल्याचे मला त्यांच्या घरून कळले नाही. वर्तमानपत्रात त्यांच्या जुन्या मालकाने दिलेल्या निवेदनातून कळले. ‘कामगारांच्या सुखासाठी झटणारा सहकारी हरपला,’ असे त्या गृहस्थांनी म्हटले होते. ज्याला आपणच हाकलून दिले, त्याला सहकारी म्हणायला कातडी विशेष जाड लागते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सातपूरच्या त्या कारखान्यात वसंतराव फोरमन होते. सुशीलाबाई तिथे हँडप्रेसचा जड दांडा ओढत, दिवसभर उभ्याने, विजेच्या बटणांच्या पितळी पट्ट्या कापत. दुपारनंतर पाय सुजत, हात मंदावे. मालकांनी काढून टाकण्याची तंबी दिली. “पाय लय भरून येतात, भाऊ. पण घर माझ्यावर हाय,” एवढेच त्या वसंतरावांना म्हणाल्या. वसंतरावांनी भंगारातली ट्रॅक्टरची लोखंडी सीट पाइपावर जोडली, दांड्याच्या उंचीला बसवली, कापलेल्या पट्ट्या टाकायची पेटी बाईंच्या हाताशी आणली. संध्याकाळीही काम सकाळच्याच वेगाने होऊ लागले. मालकांनी वाढलेला माल आनंदाने उचलला आणि सीट काढायला लावली. “वसंतराव, कारखाना आहे की सलून? आज हिला दिलीत, उद्या सगळे मागतील.”

उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक आहे. कामगार संघटनेचे अर्ज मी लिहीत असे; हा तक्रारअर्जही मीच लिहिला. सही वसंतरावांनी हट्टाने स्वतःची केली. निरीक्षक आले... अर्थात आगाऊ कळवून. त्या दिवशी सीट प्रेसपाशी होती. चहा पिऊन साहेबांची जीप वळली आणि सीट पुन्हा कोपऱ्यात गेली. कायद्याची अंमलबजावणी संपली. आठवड्याभरात वसंतराव आणि सुशीलाबाई दोघेही रस्त्यावर होते. निघताना वसंतरावांनी ती सीट भंगाराच्या भावाने रीतसर विकत घेतली. मालकांनी पैसे घेतलेही.

पुढे वसंतरावांनी स्वतःची शेड टाकली. तिथे प्रत्येक यंत्रापुढे बसायची सोय होती. आपल्यासाठी काम बंद ठेवू नका, असे ते सांगून गेल्यामुळे शोकसभाही शेडमध्येच, यंत्रे चालू असताना झाली. जुने मालक हार घेऊन आले, गुणगान गाऊन झाले, आणि थकल्या गुडघ्यांनी बसायला जागा शोधू लागले. सगळ्या जागांवर माणसे कामाला बसलेली होती.

“सुशीलाबाई, जरा टेकू का?”

ट्रॅक्टरच्या सीटवरून बाईंनी वर पाहिले. हात दांड्यावरच होता.

“एवढी पेटी भरू द्या, साहेब. मग बसा.”

पेटी नुकतीच रिकामी केलेली होती.