न आलेल्याचा वाटा

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, तीही स्वतःच्या घरात. पत्त्यांच्या कॅटमधून इस्पिकची अठ्ठी काढली आणि लाखोळी डाळीच्या डब्यात तळाशी खुपसली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. तीस वर्षं शाळेत बाई म्हणून काढलेली, 'खरे बोलावे' हे वाक्य फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिणारी. कारण विचाराल तर सांगते, सरळ सांगते. मी जळत होते.

माझा नवरा लाकूड डेपोत मोजणीला होता. सागाच्या ओंडक्याची गोलाई आणि लांबी नुसती कानावर पडली की हे कागद न घेता घनफळ सांगायचे. पावसाळ्यात रस्ते चिखलात जायचे, ट्रक यायचे नाहीत, तेव्हा डेपोत बसून बसून ते एक पत्त्यांचा डाव शिकून आले. दहा पत्ते दोन ओळींत उताणे मांडायचे. ज्या दोन पत्त्यांची बेरीज तेरा होते ते उचलायचे, आणि रिकाम्या जागी हातातले नवे ठेवायचे. छक्कीला सत्ती, पंजीला अठ्ठी, चौकीला नव्वी. गुलाम अकरा, राणी बारा, राजा स्वतःच तेरा म्हणून एकटा उठतो. सगळा कॅट संपला की डाव सुटला. मधेच जोडी मिळेनाशी झाली की अडला.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हौसेनं त्यांच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, मलाही शिकवा. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "हा एकट्याचा खेळ हाये. यात दोघं नसतेत."

मी उठले. नवी नवरी, काय बोलणार? पण ते वाक्य मी पस्तीस वर्षं जपून ठेवलं. रोज दुपारी जेवण झालं की ते बाजेवर मांडी घालून तेरा जमवायचे आणि मी दाराशी वह्या तपासत बसायचे. लांबून बघून बघून डाव मला पाठ झाला होता. त्यांच्या आधी मला जोडी दिसायची. पण बोलायची सोय नव्हती.

मग दिवाळीनंतर, धानाची चुरणी म्हणजे मळणी चालू असताना, त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "समजतं त्यांना सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. आकडे, गाणी, शिव्या, जे येईल ते येऊ द्या. मागे लागू नका." यातलं शेवटचं वाक्य मी सोयीनं विसरले. घरी आल्यावर पहिलीची चित्रं काढली आणि वर्ग सुरू केला. हे काय? चष्मा. म्हणा, चष्मा. ते कष्टानं "स… स…" करायचे की मी लगेच, "स नाही, च." तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर माझ्यासमोर त्यांच्या तोंडाला कुलूप.

मला एकटीला त्यांना उचलणं-धुणं जमेना, म्हणून एक बाई लावली. तलावाजवळच्या ढिवर मोहल्ल्यातली, चाळिशीची, अंगानं काटक. तिचा नवरा आणि दीर तलावावर जाळं टाकतात. ती सकाळी येऊन यांची आंघोळ करून द्यायची, तेल लावायची, दुपारी थोडा वेळ बसून जायची. त्यांना भाऊ म्हणायची, मला बाई. कामाला चोख. तिच्याविरुद्ध बोलायला मला काही सापडत नव्हतं, तेच जास्त खुपायचं.

एक दिवस तिला खिडकीत धूळ खात पडलेला कॅट दिसला. "हे का हाये जी भाऊ?" म्हणाली आणि बाजेवर ठेवला. यांनी डाव्या हातानं दहा पत्ते मांडले. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. काही वेळानं तिचा आवाज आला, "सात." आणि मग दुसरा आवाज, जाड, ओढत आणलेला, पण त्यांचाच.

"सहा."

सूप टाकून मी धावले. दारात पोचले तर दोघंही माझ्याकडे बघत होते, आणि यांचं तोंड मिटलं होतं. ती हरखून म्हणाली, "बाई, भाऊ बोलले! आयकलं का तुमी?" ऐकलं होतं ना. इतक्या महिन्यांत त्यांचा पहिला शब्द, आणि तो तिच्या वाट्याला गेला. मी म्हटलं, "बरं झालं," आणि स्वयंपाकघरात जाऊन सांडलेले तांदूळ वेचत बसले. आनंद झाला का? झाला असावा कुठेतरी. मला तरी अंगाची लाही लाही झाल्याचंच आठवतं.

मग हे रोजचंच झालं. ती बाजेच्या कडेला, जिथं मला पुन्हा कधी बसू दिलं नाही तिथं, पाय खाली सोडून बसायची. ती तीन म्हणायची, हे दहा म्हणायचे. चुकून नऊ म्हणाले तर ती काहीच बोलायची नाही, नुसती बघत राहायची. मग हेच पुन्हा पत्त्यांकडे बघून दुरुस्त करायचे. मधेच दोघं हसायचे. यांचं हसू अर्ध्याच तोंडाचं, पण हसू. मी पाणी घेऊन गेले की डाव थांबायचा. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "ती चौकट छक्की दिसत नाही का?" तर यांनी पत्ते गोळाच केले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकट्याचा खेळ ना हा? मग ही कोण?

ती विशीतली असती तर निदान लोकांना सांगण्यासारखं तरी काही असतं. हे तर कुणाला सांगायचीही चोरी. बहिणीचा फोन आला की मी म्हणायचे, बाई फार चांगली मिळाली. फोन ठेवला की चरफडायचे. मला काही फार नको होतं. माझ्याकडे बघून त्यांनी एक शब्द म्हणावा, एवढंच. पाणी म्हणावं, अगं म्हणावं, तिरसटपणे 'जा' म्हणावं. तिला दिवसाला पन्नास आकडे, आणि मला एक शब्द नाही.

म्हणून एका सकाळी, ती यांना न्हाणीत घेऊन गेली असताना, मी अठ्ठी चोरली.

विचार सरळ होता. एक अठ्ठी नसली की शेवटी एक पंजी उरणार. डाव कधीच सुटणार नाही. दोघं कंटाळतील आणि कॅट परत खिडकीत जाईल.

पहिल्या दिवशी पंजी उरली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रंगाची, पण पंजीच. तिनं चादर झटकली, बाजेखाली झाडलं, उशीची खोळ उलटी केली. मग माझ्याकडे आली. "बाई, एक पत्ता भेटून नाई राह्यला. तुमाले दिसला का कुठी?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी कुठे खेळते?"

डोळ्याची पापणी न लवता म्हटलं. तिसऱ्या दिवशी यांनी उरलेली पंजी हातात धरून बराच वेळ बघितली आणि डोळे मिटून घेतले. मी दाराशी पेपर वाचत होते. मला वाटलं, जमलं.

चौथ्या दिवशी पुन्हा पंजी उरली, तशी ती म्हणाली, "असं करू जी भाऊ. आमच्या तलावावर मासोळ्या वाटतेत ना, त जो बिमार असन, आला नसन, त्याचाबी वाटा काढून ठेवतेत. काऊन का तोबी आपल्यातलाच हाये. या पंजीचा जोडीदार आला नाई, त त्याचा वाटा ठेवू. डाव सुटला!" आणि तिनं ती पंजी उचलून बाजेशेजारच्या स्टुलावर, औषधांच्या पट्ट्यांजवळ, नीट ठेवली.

हे हसले. इतके हसले की खोकला आला.

झालं! माझी चोरी त्यांच्या खेळाचा नियम होऊन बसली. रोज डाव सुटायला लागला. रोज शेवटी एक पंजी सन्मानानं स्टुलावर जायची. मी औषध द्यायला गेले की ती तिथं पडलेली असायची, आणि मला ती बाजूला सरकवून गोळी काढावी लागायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. अठ्ठी परत ठेवावी तर पकडली जाईन, न ठेवावी तर हे असं. त्या काळात आमच्या घरी लाखोळीचं वरण शिजलंच नाही. त्या डब्याला हात लावायची मलाच हिंमत नव्हती.

चैतात तलावाचं पाणी उतरलं. शेवटचं मोठं जाळं टाकायचं असतं, तेव्हा अख्खा मोहल्ला लागतो. ती आदल्या दिवशी सांगून गेली, "उद्या येऊन नाई होत बाई, तलावावर जाचं हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारी यांनी आपले आपण पत्ते काढले आणि मांडले. मी नेहमीप्रमाणे दाराशी पेपर घेऊन बसले. बाहेर मोहफुलं वाळत घातली होती, त्यांचा वास घरभर होता. डावा हात सावकाश पत्ते उचलत होता. तोंडातून आकडा नाही. आकडा म्हणायचा तर समोरून कुणी आधी म्हणायला हवं ना. मी पेपरातली एकच ओळ वाचत होते. कॅट संपला. एक पत्ता उरला.

मला वाटलं, आता तो स्टुलावर जाईल. नाही गेला. त्यांनी तो उचलला, हात लांब केला आणि माझ्या दिशेनं धरला. बदाम पंजी. त्यांची नजर माझ्यावर होती.

"आठ," ते म्हणाले.

पेपर माझ्या मांडीवरून खाली गेला. ते विचारत नव्हते. ज्या माणसानं जन्मभर ओंडक्याचं घनफळ नुसतं ऐकून सांगितलं, त्याला घरातल्या तीन माणसांत चोर ओळखायला कितीसा वेळ लागणार? त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार. स्टुलावरच्या वाट्याला ते एवढे का हसले, ते मला तेव्हा कळलं.

मी उठले. लाखोळीचा डबा उपडा केला, अठ्ठी काढली, पदरानं पुसली. तरी तिच्यावर डाळीचा भुगा राहिलाच. आणून त्यांच्या हातात दिली तेव्हा लाजेनं माझे कान तापले होते. त्यांनी ती चादरीवर ठेवली, तिच्या शेजारी पंजी. मग डाव्या हातानं, जिथं ती बाई बसायची तिथली चादर सारखी केली, आणि थांबले. पस्तीस वर्षांनी मी त्या बाजेच्या कडेला बसले.

पाच महिने मी एका शब्दाची वाट बघत होते. मिळाला तो माझ्या चोरीचा. मला तोही पुरत नव्हता.

"काय म्हणालात?" मी विचारलं. "मला नीट ऐकू नाही आलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं.

"आठ."