गुडघ्याएवढ्या खिडक्या

फादरांचा फोन आला तेव्हा काम ठरल्यासारखंच होतं. कोडोलीच्या पुढच्या एका वस्तीवरचं जुनं चर्च पाडायचं आणि मी नव्याचा नकाशा काढायचा. राजारामपुरीत माझं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. चर्चमधलं मला काही कळत नाही, असं मी आधीच सांगून टाकलं. "या तरी," ते म्हणाले.

गेले, आणि डोकंच फिरलं माझं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, छपराला आधार देणाऱ्या सागवानी कैच्या. एकीलाही कीड नाही. असलं पाडायचं? पडवीत चपला काढून आत गेलं की जाजम. बाक नाहीत, सगळे मांडी घालून बसतात. खिडक्या मात्र माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर सुरू होत होत्या. गवंडी चुकला, असं चर्चच्या कमिटीचं म्हणणं. मी जाजमावर बसून बघितलं. वारा थेट तोंडावर, उजेड मांडीवरच्या पुस्तकावर. चुकलाय कसला! बसलेल्या माणसाच्या मापानं बांधलंय सगळं.

"पर चर्चसारखं दिसतंय का मॅडम?" कमिटीतले एक शिक्षक म्हणाले. "पावणं इचारत्यात, गोडाऊन हाय व्हय?" त्यांना मनोरा हवा होता, गोव्याला पाहिलेला, पांढराशुभ्र. हौसेला मोल नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

मनोऱ्याचं मी बघून घेतलं असतं. अडचण पडवीत बसली होती. गुडघे गेलेली एक आजी, प्लास्टिकच्या खुर्चीत, दाराबाहेर. मी पुन्हा गेले त्या रविवारी आत मिस्सा, म्हणजे प्रार्थना, चालू होती. खुर्ची आत का नेत नाही, असं मी विचारलं.

"समदी खाली आन् मी एकटी देवापुढं वर बसू? न्हाय बाई." तिथला रिवाजच तसा, सरपंचसुद्धा जाजमावर. "माझं लगीन आत झालं, पोरांचं बाप्तिस्मं आत झालं, आन् आता मी भाईर. नव्यात बाकं येणार हाईत. पाडा की."

भिंतींचं मोल मी तासभर सांगितलं असतं, त्यानं तिचे गुडघे वाकणार नव्हते. मला वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

पुढच्या बैठकीत मी मागच्या भिंतीला लागून लांबच्या लांब दगडी कट्टा सुचवला. तिकडे खिडक्या नाहीत, आणि ज्यांचे ज्यांचे गुडघे गेलेत ते सगळे एका रांगेत बसतील. शिक्षक कुरकुरले. आजी म्हणाली, "रांगेत बसायचं आसंल तर बसतो की." तिच्यामागून बाकीचे म्हातारेही वळले आणि पाडायचं रद्द झालं.

कट्टा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मी गेले होते. ख्रिस्तप्रसाद देताना फादर एकेकापुढं थांबत मागं आले, कट्ट्यावरच्यांना देऊ लागले, आणि टोकाला पोचण्याआधीच सवयीनं दाराबाहेर पडवीत गेले. तिथं कुणीच नव्हतं. हातात प्रसाद घेऊन ते इकडंतिकडं बघत उभे राहिले.

"फादर," कट्ट्याच्या टोकाकडून आजी मोठ्यानं म्हणाली, "मी आत हाय."