धूमकेतूचा फवारा आणि माझी सही

"मॅडम, फक्त सही हवीये. वाचायला नंतर वेळ मिळेलच," असं म्हणत संदीपने पेन माझ्यापुढे धरलं.

मी पेन घेतलं, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. तो समोरच्या खुर्चीत हताश होऊन बसला.

संदीप घुले आमच्या संशोधन ग्रुपमधला तरुण शास्त्रज्ञ. मांजरी गावचा. घरी उसाची शेती, आणि हा धूमकेतूंवर पीएच.डी. गुरुवारी त्याला परदेशी टीमसमोर ऑनलाइन प्रेझेंटेशन द्यायचं होतं. त्यावरच त्याचा करार पुढे वाढवायचा की नाही, हे ठरणार होतं. म्हणजे निष्कर्ष टिकला तर नोकरी टिकणार. त्यामुळे त्याची घाई मला कळत होती. फक्त घाईवर सही करता येत नाही.

माझं काम डेटा व्हॅलिडेशनचं. यानाने पाठवलेल्या फोटोत जे दिसतंय ते खरंच तिथे आहे, की भिंगावरची धूळ, चुकलेलं घड्याळ किंवा आमच्याच प्रोग्रॅमची करामत आहे, हे मी तपासते. ग्रुपमधून कुठलाही निष्कर्ष बाहेर जाण्याआधी माझी सही लागते. ऑफिसात मी फार लोकप्रिय नाही.

संदीपचा निष्कर्ष असा होता. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा डोंगराएवढा ओबडधोबड गोळा. सूर्याजवळ आला की त्याच्यातल्या बर्फाची वाफ होते आणि ती धूळ घेऊन उडते. एखाद्या जागेतून हा फवारा कुकरच्या वाफेसारखा जोरात निघाला की आम्ही त्याला जेट म्हणतो. एका यानाने अशाच एका धूमकेतूचे शेकडो फोटो काढले होते. ते आता सगळ्यांसाठी खुले आहेत. त्यातले निवडक फोटो घेऊन संदीपने दाखवलं होतं की एक मोठा जेट एका ठरावीक खड्ड्यातूनच निघतो. प्रत्येक फोटोत खड्डा होता आणि त्याच्या डोक्यावर जेट होता. फोटो तर इतके सुंदर होते की कॅलेंडरवर छापावेत.

"हे सगळे फोटो एकाच बाजूचे कसे?" मी विचारलं.

"तीच बाजू महत्त्वाची आहे ना मॅडम."

"धूमकेतू स्वतःभोवती किती वेळात फिरतो?"

"साधारण बारा तासांत."

"आणि तुझे फोटो?"

त्याने फोटोंवरच्या वेळा बघितल्या. सगळ्या जवळपास सारख्याच. यान रोज ठरलेल्या वेळी चांगले फोटो काढायचं आणि उरलेला दिवस बाकीची उपकरणं चालवायचं. चोवीस तासांत धूमकेतूच्या दोन फेऱ्या पूर्ण व्हायच्या, त्यामुळे रोज तोच चेहरा कॅमेऱ्यासमोर. रोज पहाटेच मार्केट यार्डात जाणारा माणूस शपथेवर सांगेल की तिथे चोवीस तास गर्दीच असते.

"अधल्यामधल्या वेळेचे फोटो आहेत का?"

"आहेत, पण खराब आहेत. प्रकाश कमी, कडा पुसट. म्हणून घेतले नाहीत."

"ते आण."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "आबा, कामात हाय, मागनं करतो," एवढं म्हणून त्याने तो बंद केला. काहीतरी बिनसलंय हे वडिलांना बहुधा आवाजावरूनच कळलं असेल.

दुपारी आम्ही खराब फोटो उघडले. त्यात खड्डा फिरून पलीकडे, रात्रीच्या बाजूला गेला होता. जेट मात्र होता तिथेच होता. चौकटीत त्याच जागी, त्याच दिशेला.

संदीपचा चेहरा उतरला. जेट खड्ड्यातून निघत असेल तर खड्ड्याबरोबर त्यानेही फिरायला हवं. चौकटीत एका जागी खिळून राहणारी गोष्ट दिसली की माझा पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो. त्याला सबळ कारणही होतं. यानाला आपले सोलर पॅनल कायम सूर्याकडे ठेवावे लागतात, त्यामुळे बहुतेक फोटोंत ऊन कॅमेऱ्याच्या एकाच बाजूने येतं. ते ऊन भिंगाच्या कडेवर आपटलं की फोटोत एक फिकट पट्टा उमटतो. याला स्ट्रे लाइट म्हणतात. लग्नाच्या फोटोत मांडवाच्या दिव्याची तिरीप येते, तसंच.

आमचे ग्रुप हेड आपटे सर दारात येऊन उभे राहिले. "काय बाई, सही झाली?"

"नाही सर. जेट कॅमेऱ्यातला असू शकतो."

"उत्तम. म्हणजे दोन वर्षं आपण भिंगाचा अभ्यास केला." सरांनी संदीपकडे पाहिलं. "तरीच म्हटलं, एवढं स्वच्छ कसं जुळलं. गुरुवारी काय दाखवायचं ते बघा. काहीच नसेल तर मला आदल्या दिवशी सांगा, मी आजारी पडेन."

सर गेले. संदीप म्हणाला, "मॅडम, मी प्रेझेंटेशन मागे घेतो. अर्धवट दाखवण्यापेक्षा ते बरं."

"आधी चाचणी, मग शोकसभा," मी म्हटलं.

चाचणी सोपी होती. यान अधूनमधून धूमकेतूकडून नजर वळवून रिकाम्या आकाशाचे फोटो काढतं. ते फक्त कॅमेरा तपासण्यासाठी असतात. ऊन त्याच बाजूने असताना काढलेले असे फोटो शोधायचे. धूमकेतू नसतानाही पट्टा दिसला तर तो कॅमेऱ्याचा. नाही दिसला तर कॅमेरा निर्दोष.

बुधवारी सकाळी ते फोटो सापडले. मी उजेड वाढवला, आणखी वाढवला. चांदण्या दिसल्या, पट्टा नव्हता. एकाही फोटोत नव्हता.

"म्हणजे जेट खरा आहे," संदीप म्हणाला.

"जेट खरा, खड्डा खोटा. जेट धूमकेतूबरोबर फिरत नाही आणि कॅमेऱ्याचाही नाही. मग कोणाचा?"

चहा आला. संदीप खिडकीतल्या उन्हाकडे बघत बसला होता. कप हातात तसाच होता.

"मॅडम, आमच्याकडे थंडीत उसाला पाणी दिलं की सकाळी रानातून वाफ उठते. जिथे ऊन पोचतं तिथेच. ऊन पुढे सरकलं की वाफही पुढे सरकते. बांधावरून बघितलं तर वाटतं, एकच वाफ रानभर चालत गेली."

"बरं."

"तिथे उलटं आहे. ऊन जागच्या जागी आहे आणि रान फिरतंय."

मी माझा कप खाली ठेवला. धूमकेतूवर रात्र आणि दिवस यांच्यामध्ये एक सीमारेषा असते. रात्री जमिनीवर पातळ दव गोठतं. जमीन फिरत फिरत त्या रेषेवर आली की तिथे सकाळ होते आणि दवाची वाफ होऊन उडून जाते. मग पुढची जमीन येते. तिथेही सकाळ, तिथेही वाफ. जेट एक नव्हताच. अनेक जागा आपापल्या पाळीने येऊन एकाच ठिकाणी उभ्या राहत होत्या.

कल्पना चांगली होती. पण चांगल्या कल्पनांवरही मी सही करत नाही. फोटोंची निवड या वेळी मी केली, त्यात चांगले-वाईट सगळे घेतले आणि प्रत्येकावरची वेळ झाकली. जेटचं मूळ कुठे आहे ते आम्ही दोघांनी वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर मार्क केलं. मग धूमकेतूच्या नकाशावर दोघांच्या खुणा एकत्र मांडल्या. खुणा सगळ्या बाजूंना पसरल्या होत्या, पण प्रत्येक खूण त्या वेळच्या सकाळच्या रेषेला चिकटून होती. एका खडकाळ भागात मात्र जेट उठलाच नव्हता. मला त्याचा जास्त आनंद झाला. सगळंच जुळलं असतं तर मी पुन्हा पहिल्यापासून तपासलं असतं.

मी सही केली. आपटे सरांनी नकाशा बराच वेळ पाहिला.

"म्हणजे शोध गेला नाही?"

"फक्त जागा गेली, सर."

"मग शीर्षक बदला. आणि सगळ्या स्लाइड्समधून खड्डा हा शब्द काढा. एक जरी राहिला तरी तेवढ्यावरच तासभर प्रश्न विचारतील."

गुरुवारी पहिला प्रश्न परदेशी टीमच्या प्रमुख बाईंनी विचारला. रिकाम्या आकाशाचे फोटो तपासलेत का? संदीपने त्याच फोटोंची पुढची स्लाइड लावली. बाईंनी मान डोलावली आणि खडकाळ भागाबद्दल विचारलं. त्याचं उत्तर आम्हाला माहीत नव्हतं. संदीपने सरळ तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग हे तुमचं पुढचं काम. सरांनी त्याच संध्याकाळी करार वाढवण्याची शिफारस केली. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "प्रश्न शिल्लक आहे."

या कामातून घ्यायचा धडा छोटा आहे. फोटो फारच छान जुळत असतील तर ते सगळे एकाच वेळचे नाहीत ना, हे आधी बघावं. आणि सहीसाठी घाईत आलेल्या माणसाला आधी चहा द्यावा. त्याचा पिऊन होईपर्यंत आपलं वाचून होतं.