आरोग्य वर्ष आणि एक लाकडी स्टूल

५ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी रिपरिप, दुपारी कडक ऊन, चार वाजता तुयेच्या पठारावर पुन्हा ढग. पाऊस पडला नाही.

रोजनिशीत मी आधी हवा लिहिते, मग दिवस. आमच्या कारखान्यात औषधांची पुठ्ठ्याची खोकी होतात. खोकं कापलं की कडेची कातरण खाली पडते. दिवसभर तिच्याकडे कुणी बघत नाही आणि शिफ्ट सुटताना पाहावं तर पाय बुडतील एवढी साठलेली असते. किस्स्यांचं तसंच होतं. यंदा ते फारच साठले, कारण हे वर्ष आमचे जनरल मॅनेजर करंदीकर साहेब यांनी 'कर्मचारी आरोग्य वर्ष' म्हणून जाहीर केलं. कामाचा ताण कमी करायचा, घराला वेळ द्यायचा, असं त्यांनी गेटवर मोठ्या बोर्डावर लिहून लावलंय.

मी स्टोअर सांभाळते. चटकन रागावणारी बाई नाही मी. पण हा बोर्ड वाचला की माझी कानशिलं तापतात.

त्याचं कारण गुरुदास. गुरुदास आमचा मेकॅनिक, पेडण्याचाच. खोकी चिकटवायचं मोठं मशीन त्याच्या जिवावर चालतं. पूर्वी दोन मेकॅनिक होते. दुसरा मोपाला विमानतळावर लागला आणि गेला. त्याच्या जागी माणूस घ्या म्हणून आम्ही कितीदा सांगितलं. करंदीकर साहेबांचं उत्तर ठरलेलं: "गुरुदास आहे ना."

आहे खरा. सकाळी आहे, रात्रपाळीला काही अडलं तर आहे, रविवारी आहे. आणि यंदा त्याच्या घराण्यातल्या गणपतीची पाळी त्याची होती. आमच्याकडे मूळ घरात एकच गणपती बसतो आणि भाऊ, चुलतभाऊ वर्षं वाटून घेतात, त्यामुळे एकेकाची पाळी यायला बरीच वर्षं लागतात. मागच्या पाळीला त्याचे वडील होते. यंदा ते नाहीत. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधण्यापासून पूजेला बसण्यापर्यंत सगळं गुरुदासलाच करायचं होतं. त्याने नागपंचमीलाच साहेबांना सांगून ठेवलं, "साहेब, बाकी खंयची रजा दिऊ नाकात. चवथीचे दोन दीस तेवढे माका सोडा."

साहेब म्हणाले, बघू.

*

आरोग्य वर्षाचा पहिला नियम: संध्याकाळी सहानंतर कुणी कुणाला कामाचा फोन करायचा नाही.

चांगला नियम. पण तो मला कळला तो फोनवर, आणि तेव्हा मी घरी तव्यावर भाकरी टाकली होती. साहेबांनी प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगितलं. "आता सहानंतर फोन नाही, बरं का. तुमचा वेळ तुमच्या कुटुंबाचा." मी म्हटलं, बरं साहेब. फोन ठेवणार इतक्यात ते म्हणाले, "आणि हो, गोंदाचे ड्रम किती शिल्लक आहेत?"

भाकरी करपली. ती मी खाल्ली, कुटुंबाला चांगल्या दिल्या.

*

मग योग आला. पहिल्या शिफ्टच्या आधी तासभर, सक्तीचा. म्हणजे जो माणूस झोप कमी मिळते म्हणून थकलाय, त्याने थकवा घालवायला तासभर आधी उठायचं.

पॅकिंगला बसवराज आहे, बेळगावकडचा. तो आणि त्याच्या गावची मंडळी तुयेला एका खोलीत राहतात. दोन पाळ्या सलग करून तो योगाला आला. शवासन लागलं आणि बसवराज गेलाच. बाकीचे उठले, सतरंज्या गुंडाळल्या, तरी हा तसाच. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना त्याच्याभोवती उभं केलं आणि म्हणाल्या, बघा, याला म्हणतात संपूर्ण शरीर सैल सोडणं.

त्यानंतर शिफ्टला उशीर झाला म्हणून त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार गेला. त्याने मला विचारलं, "ताई, मी पास झालो का नापास, ते तरी सांगा की."

*

विश्रांतीची खोलीही झाली. सोफा आला, भिंतीला आकाशी रंग आला, कोपऱ्यात काचेच्या पेटीत मासे आले. उद्घाटनाला पेढे होते.

खोलीची किल्ली एचआरच्या श्वेता मॅडमकडे. तिथे बसायचं असेल तर आधी सुपरवायझरची परवानगी. बसवराजने एकदा मागितली. सुपरवायझर म्हणाला, दमायला तू केलंस काय?

पुढे निर्यातीची मोठी ऑर्डर लागली, गोदाम भरलं, आणि तयार मालाचे गठ्ठे त्या खोलीत रचले. सोफा दिसेनासा झाला. मासे तेवढे राहिले. रविवारी त्यांना खाऊ कोण घालणार? गुरुदास आहे ना. गठ्ठ्यांच्या फटीतून हात घालून तो त्यांना दाणे टाकायचा. एकदा मला म्हणाला, "ह्या कारखान्यांत निवांत, सुशेगाद कोण आसत तर हे."

मी हसले. तो हसला नाही.

*

आता स्टुलाचं सांगते. यात हसण्यासारखं काही नाही.

चिकटवणीच्या मशीनपाशी एक लाकडी स्टूल असायचं. मशीन सुरू झालं की गुरुदास त्यावर बसून पट्ट्यावर नजर ठेवायचा. ऑर्डरच्या घाईत त्या आठवड्यात तो घरी फक्त कपडे बदलायला जात होता. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला, हात खाली घसरला आणि बाही पट्ट्यात ओढली गेली. बसवराजने धावत जाऊन लाल बटण दाबलं. बाही फाटली, एक नख गेलं. हात वाचला. गुरुदास आपल्या बोटांकडे बघत उभा राहिला, जशी काही ती दुसऱ्या कुणाची होती.

चौकशी झाली. साहेब आले, मशीन बघितलं, पट्टा बघितला, रक्त पुसलेलं बघितलं. मग त्यांना दोषी सापडला. "बसून काम केलं की झोप येणारच. हे स्टूल काढा इथून."

स्टूल माझ्याकडे आलं. स्टोअरच्या रजिस्टरात मला लिहावं लागलं: लाकडी स्टूल, एक, जमा. इतकी वर्षं मी त्यात गोंद, बेअरिंग, पट्टे लिहीत आले. एवढं संतापून कधीच लिहिलं नव्हतं. अरे, माणूस झोपतोय म्हणजे त्याची झोप झालेली नाही, हे कळायला कुठली डिग्री लागते? त्याला योग शिकवू नका, मासे दाखवू नका, त्याच्या जोडीला एक माणूस द्या. वरच्या खुर्चीत बसलेल्याचं काम एवढंच असतं. ते सोडून बाकी सगळं आमच्याकडे झालं.

त्यानंतर गुरुदास दिवसभर उभा राहू लागला. स्टूल माझ्या टेबलामागे होतं. त्यावर मी कधी बसले नाही.

*

एका रविवारी पणजीला एका हॉटेलात शिबिर ठेवलं. विषय होता, कुटुंबासाठी वेळ कसा काढावा. कुटुंबाला आणायचं नाही असं बजावलं होतं. बसवराज म्हणाला, "साहेब, माझं कुटुंब बेळगावला हाय. सुट्टी द्या, तिथं जाऊन शिकून येतो."

सगळे हसले. साहेबही हसले. सुट्टी दिली नाही.

*

आणि चवथ आली.

साहेबांनी शेवटी गुरुदासला दोन्ही दिवस दिले, पण एका अटीवर. "फोन चालू ठेवायचा. ऑर्डर आहे, दुसऱ्या दिवशी एक शिफ्ट चालणार." ती शिफ्ट बसवराज आणि त्याच्या गावच्या मंडळींवर.

दुसऱ्या दिवशी मी गुरुदासकडे दर्शनाला गेले. पाटावर दीड दिवसाचा गणपती, वर माटोळी: नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, रानातून आणलेली फळं, सगळी त्याने स्वतः बांधलेली. सोवळं नेसून तो पूजेला बसला होता. कपाळावर घाम होता, पण चेहरा कित्येक महिन्यांनी माणसासारखा दिसत होता.

दारातच त्याची आते बसली होती. वय झालंय, पण घर तिच्या आवाजावर चालतं. आरतीच्या वेळी फोन वाजलेला तिला खपत नाही. येईल त्याचा फोन मागून ती तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होती. गुरुदासचा फोन सकाळीच आत गेला होता. मीही माझा दिला.

आरती सुरू होणार तेवढ्यात दारात गाडी थांबली. करंदीकर साहेब. मशीन बंद पडलं होतं, गुरुदास फोन उचलत नव्हता, म्हणून ते स्वतः न्यायला आले होते. बूट काढता काढताच म्हणाले, "गुरुदासला बोलवा, दोनच मिनिटांचं काम आहे."

आतेला वाटलं, साहेब गणपतीला आलेत. चवथीला दारात आलेला माणूस दुसऱ्या कशासाठी येईल? ती म्हणाली, "ये रे पुता. फोन हांगा घाल. आरती जातकच जेवन वच."

साहेब काही बोलणार होते. पण मातीचं घुमट वाजायला लागलं, शामेळाच्या काठ्यांनी त्याला साथ धरली, आणि कुणीतरी साहेबांच्या हातात झांज दिली. त्यांचा फोन डब्यात गेला.

आमच्याकडच्या आरत्या एकामागून एक चालतात. एक संपली की कुणीतरी दुसरी उचलतो. साहेबांनी दोनदा मागे वळून दाराकडे पाहिलं. दोन्ही वेळा आतेने मान हलवली. तिसऱ्या आरतीला त्यांची झांज तालात आली.

मग पान वाढलं. खतखतं, मुगागाठी, पातोळ्या, वर नेवऱ्या. साहेबांनी दोनदा भात घेतला. हात धुऊन ते ओसरीवर टेकले, 'पाचच मिनिटं' म्हणाले, आणि भिंतीला डोकं लावून झोपले. घोरले. आतेने त्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि पोरांना दटावलं, "आवाज करू नाकात. किती दिसांचो जागो आसा कोण जाणा."

गुरुदास त्यांच्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग कमरेला उपरणं बांधून विसर्जनाच्या तयारीला गेला.

साहेब उठले ते विसर्जनाच्या फटाक्यांनी. घरात आते एकटी. तिने त्यांना डब्यातून फोन काढून दिला, त्याला लागलेले तांदूळ पदराने पुसले, आणि नेवऱ्यांची पुडी हातात ठेवली.

*

सोमवारी मुंबईच्या हेड ऑफिसशी व्हिडिओ मीटिंग होती. मशीनसाठी गुरुदासला आणि सुट्या भागांच्या साठ्यासाठी मलाही बसवलं होतं. पडद्यावरच्या मोठ्या मॅडमनी विचारलं, चवथीच्या दुसऱ्या दिवशी मशीन बंद पडल्यावर फोन कुणीच का उचलला नाही?

करंदीकर साहेब गुरुदासकडे वळले. "सांग ना. मी बजावून सांगितलं होतं. तुझा फोन कुठे होता?"

गुरुदासने हात मागे बांधले होते. आवाज चढवला नाही.

"तुमच्या फोनाच्या बाजूक, साहेब. आतेच्या तांदळाच्या डब्यांत."

मग मॅडमनी विचारलं, "दुसरा मेकॅनिक नाही का तुमच्याकडे?"

गुरुदासचे ते दोन दिवस बिनपगारी धरले. दुसऱ्या मेकॅनिकची जागा अजून भरलेली नाही. आज सकाळी साहेबांच्या सहीची चिठ्ठी आली, त्याप्रमाणे मी रजिस्टरात लिहिलं: लाकडी स्टूल, एक, परत दिलं.