मास्तरांच्या सायकलचा झटका

आमच्या वहिनीला सायकलची मोटार उघडायची घाई नसते. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याचीच उलटतपासणी घेते. कधी बिघडलं, चढावर की सपाटीवर, त्याआधी कोणी हात लावला होता. हे सगळं कळल्याशिवाय ती पान्याला शिवत नाही. पंख्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं तिने मोटारींच्या तारा गुंडाळल्या. कारखाना बंद पडला तेव्हा दादा डोक्याला हात लावून बसला. हिने दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीतला सोफा आत ढकलला आणि त्या जागी टेबल मांडलं. आता आसपासच्या सगळ्या इलेक्ट्रिक सायकली तिच्याकडेच येतात. शेजारच्या गाळ्यात मी पंक्चर काढतो. ती डॉक्टर, आणि मी तिच्या मते कंपाउंडरसुद्धा नाही.

त्या दिवशी मास्तर लंगडत आले. मला पाढे शिकवले ते हेच मास्तर. मागून त्यांची मुलगी सायकल ढकलत येत होती. गुडघा गेल्यापासून वाचनालय, भाजी, मित्रमंडळी, सगळं मास्तर या सायकलवरूनच करायचे. आठवड्यापूर्वी चौकात सायकलने झटका दिला आणि मास्तर पडले.

"मी स्वतः चालवून बघितली," मुलगी म्हणाली. "गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, लोण्यासारखी चालली. दोष सायकलचा नाही, ताई. बाबांना आता झेपत नाही. तुम्हीच सांगा त्यांना, म्हणजे मी ती विकून टाकते."

मास्तर खाली बघत होते. अख्खी शाळा ज्यांना चळाचळा कापायची, ते मुलीसमोर सदऱ्याची गुंडी चाळवत उभे होते. मला फार वाईट वाटलं.

"झटका कधी बसतो?" वहिनीने मास्तरांनाच विचारलं.

"खड्डा आला की. कधी निघताना."

"त्याआधी कोणी हात लावला होता?"

"पंधरा दिवसांपूर्वी ह्याने मागच्या चाकाचं पंक्चर काढलं, तेवढंच." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "छान काढलं."

मी उगाच कॉलर ताठ केली.

या सायकलींची मोटार मागच्या चाकाच्या मधोमध बसवलेली असते. वहिनीने तिच्या वायरी सोडवल्या आणि चाक हाताने फिरवलं. सुरळीत फिरलं, म्हणजे आतली गुंडाळी शाबूत होती. मग चाक कुठवर फिरलं ते सांगणाऱ्या तीन बारीक वायरींवर तिने मीटर लावलं. चाक हळूहळू फिरलं की आकडा शून्य, पाच, शून्य, पाच असा बदलायला हवा. तिन्हींवर बदलला.

"बघा," मुलगी म्हणाली.

"थांबा हो जरा," म्हणत वहिनीने ॲक्सलमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यातून, बाहेर येणारी वायर धरून हलवली. तिसऱ्या वायरीचा आकडा शून्यावर जाऊन मेला. वायर सोडली की आकडा परत यायचा.

"आत तुटत आलीय. खड्ड्यात ती हलली की चाक कुठे आहे ते मोटारीला कळत नाही, आणि झटका बसतो. गुळगुळीत गल्लीत तुम्हाला काय कळणार? मास्तरांचं काही चुकलेलं नाही."

मास्तरांनी मान वर केली. वहिनीने मोटार उघडली. आतली चुंबकं एवढी जोरकस, की बोट सापडलं तर आई आठवते. तिने घड्याळ काढून ठेवलं, लाकडाचे ठोकळे लावून गाभा बाहेर ओढला, ॲक्सलमधून नवी वायर घातली आणि कथलाचा डाग देऊन जोडली. त्यात तासभर गेला.

"खड्डे बघून चालवत नाहीत, म्हणून तुटली असेल," मुलगी अजून हट्टालाच पेटली होती.

वहिनी चाक बसवायला घेणार, तोच थांबली. "ॲक्सलला दोन्ही बाजूंना दाताचा वॉशर लागतो. इथे एकच आहे. त्याच्याशिवाय मोटारीने जोर लावला की ॲक्सलच फिरतो आणि वायर पिळवटते."

तिने माझ्याकडे पाहिलं. काम झाल्यावर एखादा भाग उरला, की तो कंपनीने जास्तीचा दिलाय असं समजून डब्यात टाकणारा माणूस मी. गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. नवा वॉशर वहिनीकडे होताच. पण मग खड्ड्यांचा दोष मास्तरांच्याच माथी बसला असता.

मी गाळ्यात गेलो, डबा उपसला आणि वॉशर आणून टेबलावर ठेवला.

"पंक्चर काढलं तेव्हा माझ्याकडे राहिला," मी पुटपुटलो. "मास्तर, तुम्हाला मी पाडलं."

मास्तर खुर्चीत ताठ बसले. "मोठ्याने म्हण. हिला ऐकू जाऊ दे."

मी मोठ्याने म्हटलं.

मुलीने तो वॉशर उचलून उलटसुलट करून पाहिला. मग स्टूल ओढून बापाजवळ बसली.

"बाबा, खूप लागलं होतं का हो?"

"लागलं तर!" मास्तर म्हणाले, आणि पँट वर सरकवून तिला खरचटलेला गुडघा दाखवू लागले.